तिसरी खिडकी

ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'काका, काका' चालायचं, पण हे लोक 'काका' म्हणताना मनात दुसरंच काहीतरी म्हणतात असा त्याला दाट संशय होता. म्हणजे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

कंपनी लिफ्ट बसवणारी. तळमजल्यावर सुट्या भागांचं गोदाम, वर ऑफिस, आणि गंमत म्हणजे लिफ्टवाल्यांच्या या इमारतीला लिफ्ट नव्हती. शंकासुर तिथे ऐन विशीत मेकॅनिक म्हणून लागला. ग्रीसमध्ये हात काळे केले, दोर बदलले, अंधाऱ्या शाफ्टमध्ये टॉर्च दातात धरून उभा राहिला, आणि चढत चढत मापांचा माणूस झाला. शाफ्ट म्हणजे इमारतीतली ती उभी पोकळी, जिच्यातून लिफ्ट वरखाली करते. ती मोजायची, तिच्यात केवढी लिफ्ट बसेल ते ठरवायचं आणि गिऱ्हाइकाला पटवून द्यायचं, हे त्याचं काम. पूर्वी हे कागदावर व्हायचं, आता प्रेझेंटेशनवर. त्याने तेही शिकून घेतलं. नाइलाजाने, पण घेतलं.

लिफ्टच्या धंद्यात शंका हा दुर्गुण नव्हे. दोर नवा दिसतो म्हणून तो नवा असतोच असं नाही, दार बंद दिसतं म्हणून त्याची कडी पडलेली असतेच असं नाही. खात्री करून न घेणारा माणूस या धंद्यात दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. शंकासुराच्या हाताखालून गेलेल्या लिफ्टची कधी तक्रार आली नाही, ती याच स्वभावामुळे. हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला तो एक नियम शिकवायचा. "पहिलं माप आपलं, दुसरं दुसऱ्याचं. आणि दुसऱ्याने पहिलं माप बघायचं नाही." एकाने मोजून आकडा स्वतःजवळ ठेवायचा, मग दुसऱ्याने टेप लावायची, आणि दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जायचं. कारण माणूस स्वतःची चूक दुसऱ्यांदाही तितक्याच प्रेमाने करतो, असं तो म्हणायचा.

गुणाचा अवगुण केव्हा झाला ते सांगणं अवघड आहे. तरुणपणी एकदा दुधाने तोंड पोळलं होतं हे खरं. एकाच खोलीत राहणाऱ्या, एकाच छत्रीतून कामाला येणाऱ्या मित्राने याची मापं स्वतःची म्हणून साहेबापुढे ठेवली आणि वरची खुर्ची पटकावली. तेव्हापासून शंकासुर ताक फुंकून प्यायला लागला, आणि पुढेपुढे तर साधं पाणीही. दुसरं माप दुसऱ्याला देणंही त्याने हळूहळू बंद केलं. "द्यायचं कशाला? बदलतील आणि स्वतःच्या नावावर खपवतील." टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी बरोबर असायचं, पण आकडा वाचायचा हा आणि लिहायचाही हाच. नियम इतरांसाठी राहिला.

घरीही काही वेगळी तऱ्हा नव्हती. अलीकडे त्याच्या घरात वस्तू जागा बदलू लागल्या होत्या. चष्मा ठेवावा टेबलावर, सापडावा न्हाणीघरातल्या फळीवर. किल्ल्या ठेवाव्यात खिशात, लटकाव्यात खिळ्याला. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात बायकोशिवाय दुसरं कोणी नाही, तेव्हा संशयाला फार वणवण करावी लागत नव्हती. एकदा त्याने कपाटाच्या दारात कागदाचा कपटा अडकवून ठेवला, कोणी उघडलं तर तो पडेल म्हणून. संध्याकाळी कपटा जमिनीवर.

"कपाट कोणी उघडलं?"

"तुम्हीच," बायको म्हणाली, "सकाळी रुमाल काढलात की."

तिचं उत्तर किती चटकन आलं ते त्याने मनात टिपून ठेवलं. ज्याच्या मनात काळंबेरं असतं त्याच्याजवळ उत्तर तयार असतं, असा त्याचा अनुभव होता.

आता ड्रॉइंगताईकडे वळू. ती त्याच्या टेबलासमोर बसायची. लिफ्टचे नकाशे काढायची म्हणून ड्रॉइंगताई. कॉलेजातून नुकती बाहेर पडून ती इथे आली तेव्हा शाफ्टमध्ये वाकून बघायलाही भ्यायची. यानेच तिला काठावर उभं राहायला शिकवलं, टेप कशी ताणायची, ओळंबा कसा सोडायचा ते दाखवलं. आता तिच्या केसांत पांढरे दिसू लागले होते. नवरा बरीच वर्षं आजारी, सासू थकलेली, घर तिच्या एकटीच्या नोकरीवर उभं. हे शंकासुराला ठाऊक होतं, कारण दुपारी डबा खाताना तीच सगळं सांगायची. अशीच एकदा बोलता बोलता म्हणाली, "काका, धाकट्या दिराला नोकरी लागली एकदाची. लिफ्टच्याच कंपनीत, ती पुलापलीकडची आहे ना, तिथे."

झालं. शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली. आणि त्याच्या मनातली पाल एकदा चुकचुकली की तिथेच बिऱ्हाड करायची.

थोड्याच दिवसांत त्याला एक गोष्ट दिसली. पाण्याचा कूलर ताईच्या खुर्चीमागे होता. हा ग्लास घेऊन उठला की तिचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात जायचा, उजवा वरच्या ओळीत, एक हलकी टिचकी, आणि पडद्यावर जे काही असेल ते जाऊन तिथे दुसरंच काही यायचं. तेही किती साळसूद! कुठल्यातरी जुन्या इमारतीच्या जुन्या लिफ्टची स्लाइड, जणू बाई सकाळपासून तिच्याकडेच बघत बसल्यात.

"काय करतेस गं?"

"काही नाही काका. जुनं चाळतेय."

काही नाही! 'काही नाही' म्हणणाऱ्याकडे हमखास काहीतरी असतं. शंकासुर दिवसातून इतक्या वेळा पाणी पिऊ लागला की ऑफिसात लोकांना त्याच्या साखरेची काळजी वाटायला लागली. कधी तो पाय न वाजवता यायचा, कधी अर्ध्या वाटेवरून वळायचा, कधी फाइल पडल्याचं निमित्त करून वाकायचा. पण त्या बाईच्या बोटांना कान होते. तो पोचायच्या आत टिचकी वाजलेली असायची.

एकदा मात्र तिचा हिशेब चुकला. कूलरशेजारी काचेच्या दारांचं कपाट होतं. शंकासुर तिच्याकडे पाठ करून ग्लास भरत होता, म्हणून ती निर्धास्त होती, आणि त्याला काचेत तिचा सगळा पडदा दिसत होता. त्यावर होती त्याची स्वतःची स्लाइड. हॉस्पिटलच्या लिफ्टची चौकट, त्याने स्वतः काढलेली, त्याच्या आवडत्या निळ्या रंगात. तो वळला, टिचकी वाजली, स्लाइड गेली.

माझी मापं! ही माझी मापं उचलतेय आणि दिराच्या हातून पुलापलीकडे पोचवतेय. पुन्हा तेच. तीच छत्री, तोच मित्र, फक्त या खेपेला काका म्हणून हाक मारणारा.

त्या आठवड्यात प्रिंटर दुरुस्त करायला संगणकवाला आला. शंकासुराने त्याला जिन्यात गाठलं आणि हवेतच बोटं नाचवली. "हे असं कोपऱ्यात आणि वर, दोन्ही एकदम दाबलं की काय होतं?"

"कंट्रोल आणि एफ सिक्स? दोन पीपीटी उघड्या असल्या ना काका, की एकीतून दुसरीत जाता येतं. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. परत दाबलं की परत."

"म्हणजे लपवायला वापरतात."

"वेळ वाचवायला वापरतात."

"तेच ते," शंकासुर म्हणाला.

ऑफिस रिकामं असताना त्याने दोन प्रेझेंटेशनं उघडून सराव केला. दाबलं की गेलं, दाबलं की आलं. झोपाळ्यासारखं. त्याला भलताच आनंद झाला. चोराची वाट सापडली होती, आता चोर कुठे जाणार? तिसरी खिडकी उघडून पाहावी असं मात्र त्याला सुचलं नाही. जगात नाही नाही ते ज्याला सुचायचं, त्याला नेमकं हेच सुचू नये, याला काय म्हणावं?

मग त्याने पुराव्यांचं एक प्रेझेंटेशन करायला घेतलं. खरं सांगायचं तर इतक्या मनापासून त्याने कुठल्याच लिफ्टचं केलं नव्हतं. पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत मथळा: 'ड्रॉइंगताईच्या संशयास्पद हालचाली'. खाली तिच्या रिकाम्या खुर्चीचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्यावर लाल बाण. बाजूला तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी काय पाहिलं ते. हॉस्पिटलची मंडळी लिफ्टचं बोलायला यायची होती. ती गेली की मालकाला थांबवायचं आणि हे दाखवायचं, असा त्याचा बेत होता. मालकाने हे खरं मानलं तर ताईची नोकरी जाणार, हे त्याला कळत होतं. त्याच दुपारी तिने नेहमीसारखं आपल्या डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे सरकवलं तेव्हा तो जरा घुटमळला खरा. पण चोर धरायला निघालेल्याने चोराच्या घरच्यांची चौकशी करू नये, असं त्याने स्वतःला बजावलं आणि पाणी प्यायला उठला. टिचकी वाजली. संपलं, उरलीसुरली दयाही संपली.

बैठकीच्या दिवशी हॉस्पिटलकडून दोघं आले. इमारतीचं बघणारे एक गृहस्थ आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. मालक समोर बसले. ताईने नेहमीप्रमाणे आधीच येऊन बैठकीच्या खोलीतल्या संगणकावर प्रेझेंटेशन उघडून ठेवलं होतं. स्लाइड ती पुढे न्यायची, बोलायचं शंकासुराने, ही इथली रीत.

"आज कीबोर्डवर मी बसतो," शंकासुर म्हणाला.

ताई चपापली. "राहू दे ना काका, मी करते. तुम्ही बोला की."

चपापली! मालकांनी पाहिलं की नाही? शंकासुराने खुर्ची ओढली, खिशातून पेन ड्राइव्ह काढला, आणि ताईने उघडलेल्या प्रेझेंटेशनच्या मागे आपल्याजवळची मूळ प्रत चौकटीच्या स्लाइडवर उघडली. बाईने काही फिरवाफिरवी केली असेल तर जागच्या जागी ताडून बघता यावं म्हणून. आणि हात आहे तोवर पुराव्यांचंही उघडून ठेवलं, नंतर शोधाशोध नको. मग ताईचं पुढे घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. पडदाभर स्लाइड दाखवायची पद्धत इथे नव्हती, डाव्या कडेला छोटी छोटी चित्रं दिसत राहायची. त्यांच्यावरून अजून किती सहन करायचंय ते मालकांना कळायचं.

मोटर झाली, दारं झाली. मग लिफ्टच्या आतल्या चौकटीची स्लाइड आली. 'खोली: चोवीसशे मिलिमीटर.'

शंकासुर थांबला. हे त्याने लिहिलेलं नव्हतं.

"एक मिनिट, मालक." त्याचा आवाज चढला. "इथे कोणीतरी माझा आकडा बदललाय. माझं मूळ दाखवतो." त्याने डावा हात कोपऱ्यात नेला, उजवा वर, आणि ताईकडे बघत बघत टिचकी मारली. तिचीच टिचकी, तिच्याच तोंडावर. पडद्यावर त्याची निळी चौकट आली. "हे बघा. हे माझं माप!"

तो ताईकडे बघत होता, म्हणून पडद्यावर काय आहे ते त्याच्याआधी बाकीच्यांनी वाचलं.

"चौदाशे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, यात पलंग जाणार कसा? पेशंटचं डोकं आत येईल आणि पाय बाहेर राहतील. मी कुठे उभी राहू? बाहेरून भूल देऊ?"

इमारतीवाले गृहस्थ हसले. शंकासुराने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. खोली: चौदाशे. ते घरगुती लिफ्टचं माप होतं, राहत्या इमारतीतलं. हॉस्पिटलच्या पलंगाला ते पुरत नाही हे खाली गोदामात पोती उचलणाऱ्यालाही कळलं असतं. पण अक्षरं त्याची होती, निळा रंग त्याचा होता, प्रत त्याच्या खिशातली होती आणि तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे झाकायला हवं, आधी झाकायला हवं, एवढंच त्याला कळलं. दाबलं की जातं, दाबलं की येतं. त्याने घाईघाईने पुन्हा टिचकी मारली.

पण तो झोपाळा दोन खिडक्यांचा. तीन उघड्या असल्या की ते बटण परत येत नाही, पुढेच जातं. पडद्यावर ठळक अक्षरं उमटली, 'ड्रॉइंगताईच्या संशयास्पद हालचाली', आणि खाली तिची खुर्ची, तिच्यावर लाल बाण.

मालकांनी एकदा वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. शंकासुराची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली होती, आणि एवढी साधी बटणं शोधून काढणाऱ्या माणसाला आता त्यातलं एकही सापडत नव्हतं. ताई उभी राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी उतरला. पडद्याजवळ जाऊन तिने एकेक ओळ वाचली, जशी ती त्याची प्रत्येक स्लाइड वाचायची.

"काका," ती हळूच म्हणाली, "यातही चुकलंय. ही तारीख. त्या दिवशी मी ऑफिसात नव्हते. त्या दिवशी आपण दोघं हॉस्पिटलच्या शाफ्टमध्ये होतो. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं आणि तुम्ही मोठ्याने वाचलंत. चोवीसशेची लिफ्ट आरामात बसेल म्हणालात."

मग ती वाकली, त्याची बोटं जराशी बाजूला करून तिने एकदा टिचकी मारली. फेरा पुरा झाला आणि पहिली खिडकी परत आली. "चोवीसशेच आहे, बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पलंग, पेशंट आणि तुम्ही, सगळे मावाल. पुढची स्लाइड दाखवू?"

बाकीचं सगळं तिनेच दाखवलं. शंकासुर खुर्ची भिंतीला लावून बसला होता. मंडळी हसतमुखाने गेली, काम मिळालं, आणि मालकांनी ताईला आपल्या केबिनमध्ये बोलावलं.

सवय कुठे जाते? शंकासुर दाराला कान लावून उभा राहिला. ती आता काय काय सांगणार हे त्याला ऐकायचं होतं.

"किती दिवस चाललंय हे?" मालक विचारत होते.

"झाले बरेच महिने. मापं बरोबर घेतात, सर. वाचतातही बरोबर. लिहिताना मात्र एका लिफ्टचं दुसरीत जातं. मी त्यांची पीपीटी उघडते, शेजारी त्यांनी वाचलेल्या आकड्यांची माझी उघडते, आणि ताडून दुरुस्त करते. ते आले की मागे उघडं ठेवलेलं जुनं काहीतरी पुढे आणते."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्ही त्यांना घरी बसवलं असतंत."

"आणि आता? चोरीचा आळ घेतला त्याने तुमच्यावर, परक्या लोकांसमोर. आता सांगा, बसवू घरी? तुमच्या शब्दावर आहे."

शंकासुराने कान दाराला आणखी चिकटवला.

"राग आलाय मला," ताई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "असा आलाय की त्यांचं तोंड बघू नये असं वाटतंय. पण घरी नका बसवू. दुसरं माप दुसऱ्याने घ्यायचं, एवढंच करायला हवं. ते त्यांनीच शिकवलंय मला. फक्त आता मी चोरून करणार नाही."

शंकासुर जिना उतरून खाली गोदामात गेला आणि दोरांच्या एका वेटोळ्यावर बसून राहिला. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती वाटली. लोकांची भीती त्याला रोजचीच होती, तिच्याशी कसं वागायचं ते ठाऊक होतं. दार लावावं, कपटा अडकवावा, पाय न वाजवता मागे जाऊन उभं राहावं. पण जो आपल्याच आत बसून आकडे बदलतोय, त्याच्या मागे जाऊन कसं उभं राहणार? आयुष्यभर त्याने साऱ्या जगाला पाण्यात पाहिलं होतं. एक माणूस तेवढा सोडून दिला होता.

घरी गेल्यावर त्याने बायकोला विचारलं, "चष्मा न्हाणीघरात कोण ठेवतं?"

हा भांडणाचा सूर आहे की कसला, याचा तिने अंदाज घेतला. मग म्हणाली, "तुम्ही."

"आणि किल्ल्या?"

"त्या तुम्ही दाराला बाहेरून तशाच विसरता. मी काढून खिळ्याला अडकवते."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर मलाच चोर ठरवलं असतंत," ती म्हणाली. "तसं न सांगताही ठरवलंतच म्हणा." आणि बोलता बोलता तिने डोळ्यांना पदर लावला. ती किती दिवसांपासून घाबरलेली होती ते त्याला तेव्हा कळलं. उत्तरं तयार होती, कारण प्रश्न तिने स्वतःला शंभरदा विचारून झाले होते.

दोघं डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी सोपे प्रश्न विचारले. त्यातले काही सोपे निघाले, काही निघाले नाहीत. गोळ्या मिळाल्या. एकट्याने कुठलं काम हातावेगळं करू नका, असंही त्यांनी सांगितलं. मालकांनी काही दिवस रजा घ्यायला लावली आणि मग परत बोलावलं.

परत आल्यावरचे दिवस वाईट होते. ताई समोरच बसायची, कामापुरतं बोलायची, डबा मात्र खिडकीशी एकटी बसून खायची. ती त्याच्या स्लाइड तपासत होती, पण टेबलावर ठेवून जायची, हातात देत नव्हती. शंकासुराने पाणी कमी केलं. कूलरकडे जायचं झालंच तर लांबून खाकरून जायचा.

मग एका शाळेच्या लिफ्टचं काम आलं. ताईला टेपचं दुसरं टोक धरायला देऊन त्याने शाफ्ट मोजला, स्लाइड केल्या, प्रत्येक आकड्याकडे तो परक्या माणसाकडे बघावं तसा बघत राहिला आणि त्याला त्यातल्या एकाचीही खात्री वाटेना. शेवटी तो उठला. खाकरला. टेप हातात घेऊन ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. सवयीने तिची बोटं हलली, टिचकी वाजली, पडदा बदलला. तिचं तिलाच ते लक्षात आलं आणि तिने हात मांडीवर घेतले.

"दुसरं माप घेतेस?" शंकासुर म्हणाला. माफी मागायची त्याला कधी सवय नव्हती, जीभ तिथवर वळेना. जे वळलं ते हे.

ताईने बराच वेळ टेपकडे पाहिलं. "आधी ती तिसरी काढून टाका," ती म्हणाली. "तो बाण. तो कुठेतरी आहे, हे मला बसल्या जागी टोचतं."

"काढायचीच आहे गं." त्याने खिसे चाचपले, उगाचच. "पण कुठे ठेवली ते आठवत नाही. खरंच. शोधली मी. तुला खोटं वाटेल."

संशय घ्यायला इतकी चांगली जागा तिला आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नाही वाटत," ती म्हणाली.

ती उठली, त्याच्या टेबलाशी गेली, खालच्या खणातून ओळंब्याच्या दोऱ्यात गुंतलेला पेन ड्राइव्ह काढून घेऊन आली. तो तिथे असणार हे तिला कसं कळलं, असं एरवी त्याने नक्की विचारलं असतं. तिने तो आपल्या संगणकाला लावला, फाइल शोधली आणि खुर्चीवरून उठून त्याला बसायला जागा दिली. शंकासुराने फाइल निवडली, बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: ही फाइल कायमची काढून टाकायची, याची खात्री आहे?

तो प्रश्नाकडे बघत बसला. मग त्याने मान वर केली.

"तू वाचून सांग," तो म्हणाला. "तीच आहे ना? 'हो' म्हणायचं ना?"

"तीच आहे," ताई म्हणाली. "'हो' म्हणायचं. पण दाबा तुम्ही."

त्याने दाबलं. मग तिने दुसरी खुर्ची ओढून घेतली, शाळेच्या लिफ्टची त्याची स्लाइड उघडली, शेजारी स्वतःची, आणि दोघांना दिसेल असा पडदा वळवला.